आधी जमीन पाहू

वाडीच्या त्या कमानीवाल्या मिस्तरींनी माझ्या गाडीखाली वाकून पाहिलंच नाही. अमरावती रोडच्या कडेला मी गाडी उभी केली होती. तिचं डावं अंग खाली गेलेलं लांबूनही दिसत होतं आणि मी ते बोटानं दाखवतही होते. त्यांनी गाडीकडे एकदा पाहिलं, रस्त्याकडे दोनदा पाहिलं आणि म्हणाले, "ताई, गाडी आत घ्या जी. इथं आधी रस्ताच झुकून राहिला."

आत सिमेंटचा कोबा होता. कोब्यावर चार चाकांच्या चार जागा रंगानं आखलेल्या होत्या. मिस्तरींनी खुंटीवरची पारदर्शक नळी काढली, गवंडी पातळी धरायला वापरतात तीच, आणि तिच्यात पाणी भरून चारही जागांची उंची ताडून पाहिली. एका जागेखाली त्यांनी पत्र्याचे दोन तुकडे सरकवले. मग गाडी त्या चौकटीवर घ्यायला लावली. "आधी जमीन पाहू, मग गाडी," एवढंच ते बोलले. आपलं नाव छापू नका, असं त्यांनी नंतर बजावलं, म्हणून इथं ते मिस्तरीकाकाच राहतील.

गाडी आमची बारा वर्षं जुनी, सात माणसांची. पुढे दोन्ही चाकांना स्वतंत्र गुंडाळीच्या स्प्रिंगा, मागे अखंड एक्सेल आणि पाट्यांच्या कमानी. वर्षभरापासून ती डावीकडे कलत होती आणि पुढचा डावा कोपरा सगळ्यांत खाली दिसायचा. शहरातल्या एका गॅरेजनं पुढचे दोन्ही शॉकअप बदलले, महिन्याभरानं पुढची डावी स्प्रिंगही बदलली. दोन्ही वेळा बिल भरलं आणि दोन्ही वेळा गाडी तशीच कललेली घरी आली. तिचं नेमकं काय बिघडलं होतं, ते शोधताना जे शिकायला मिळालं, त्याचा हा लेख.

पातळीच्या खुणेचं शहर

नागपूरकराला पातळीचं महत्त्व खरं तर कुणी सांगायला नको. झिरो माइलचा वाळूदगडी स्तंभ आणि चार घोडे आपण सगळ्यांनी पाहिलेत. 1907 साली हे ठिकाण देशाच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात पातळीची प्रमाणखूण म्हणून पक्कं झालं. समुद्रसपाटीपासूनची तिथली उंची 1020.171 फूट, म्हणजे सुमारे 311 मीटर. दशांशानंतर तीन आकडे! आसपासची उंची मोजायची तर आधी एक खूण अढळ मानावी लागते, हे त्या लोकांनी दगडात कोरून ठेवलं. मिस्तरीकाकांच्या कोब्यावरच्या चार रंगीत चौकटी हे त्याच शिस्तीचं छोटं रूप.

रस्त्यावर मोजलं तर काय होतं? पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून प्रत्येक डांबरी किंवा सिमेंट रस्त्याला मधून कडेकडे उतार दिलेला असतो, साधारण 2 टक्के. गाडीच्या दोन चाकांमधलं अंतर दीड मीटर धरलं तर डावं चाक उजव्यापेक्षा 3 सेंटीमीटर खाली असतं. म्हणजे धडधाकट गाडीही कडेला उभी केली की कललेली दिसते. घराच्या फाटकातल्या उतारावर किंवा अपार्टमेंटच्या तळघरात उभी गाडी पाहून 'स्प्रिंग बसली' असा निकाल देणाऱ्यांनी हे 3 सेंटीमीटर लक्षात ठेवावेत.

जमिनीनंतर हवा. चारही टायर एकाच मापाचे आणि सारखेच झिजलेले आहेत ना? हवा सारखी आहे ना? नागपूरच्या मे महिन्यात गाडीची एक बाजू उन्हात आणि दुसरी सावलीत असली तरी हवेचा दाब बदलतो. तापमान साडेपाच-सहा अंशांनी वाढलं की दाब साधारण एक पीएसआय चढतो. म्हणून मोजमाप सकाळी, सावलीत, टायर गार असताना करावं. मग गाडीतलं ओझं. कारची टाकी 40 लिटरची असेल तर भरल्यावर पेट्रोलचं वजन 30 किलोच्या आसपास होतं. ट्रकच्या एका अंगाला लटकलेल्या 300 लिटरच्या टाकीत मात्र अडीचशे किलो डिझेल असतं. टाकी भरलेली की रिकामी, हे न विचारता ट्रकचा कल मोजणाऱ्यानं अर्धं उत्तर आधीच चुकवलेलं असतं.

चार आकडे

सगळं सारखं केल्यावर मिस्तरीकाकांनी गाडी चारही कोपऱ्यांवर दाबून हलवली आणि आपोआप स्थिर होऊ दिली. मग टेप काढला. जमिनीपासून त्यांनी मोजलं नाही. चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोजलं. असं केलं की टायरची हवा आणि झीज हिशेबातून बाहेर पडते आणि फक्त कमान-स्प्रिंग किती दबलीय ते उरतं. मडगार्ड पूर्वी ठोकून सरळ केलेलं असेल तर तेही फसवतं, म्हणून चासीवरच्या दोन्ही बाजूंच्या सारख्या बिंदूंपासूनही त्यांनी एक माप घेतलं.

आकडे पाटीवर उतरले. पुढे डावी बाजू उजवीपेक्षा 18 मिलिमीटर खाली. मागे डावी बाजू उजवीपेक्षा 17 मिलिमीटर खाली. मला वाटलं, झालं, डाव्या बाजूच्या दोन्ही स्प्रिंगा गेल्या. काका हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी कोपऱ्यातला चहाचा चौरंग ओढला आणि त्याच्या एका पायाखाली काड्यापेटी सरकवली.

चौरंगाचा पाय

चौरंगाचा एक पाय उंच झाला की नुसता तो कोपरा वर जात नाही. अख्खा चौरंग कलतो आणि शेजारचे दोन पाय आलटून पालटून जमिनीला टेकतात. गाडीचं तेच आहे, फक्त तिचे पाय लवचीक आहेत. चारही स्प्रिंगा सारख्या आणि भारही सारखा धरला तर हिशेब सोपा आहे. एका कोपऱ्याची स्प्रिंग 20 मिलिमीटर आखूड झाली तर तो कोपरा 15 मिलिमीटर खाली बसतो, शेजारचे दोन कोपरे 5-5 मिलिमीटर खाली येतात आणि कर्णावरचा चौथा कोपरा 5 मिलिमीटर वर उचलला जातो. आता वजाबाकी करा. पुढच्या डाव्या-उजव्यात फरक 10, मागच्या डाव्या-उजव्यातही फरक 10. दोष एकाच कोपऱ्यात असतो, पण गाडी पुढे आणि मागे सारखीच कललेली दिसते!

या एका गोष्टीमुळे किती गाड्यांच्या किती चांगल्या स्प्रिंगा बदलल्या गेल्या असतील. डोळ्याला दिसते ती कललेली बाजू. दोष पुढे आहे की मागे, हे डोळा सांगू शकत नाही. इतकंच नाही, एखादा कोपरा मुद्दाम किंवा चुकून उंच केलेला असेल तर कर्णावरचा निर्दोष कोपरा खाली दबतो आणि आळ त्याच्यावर येतो.

ते ओळखायची युक्ती अखंड एक्सेलच्या गाडीत फार सुंदर आहे. काकांनी पुढच्या चाकांना दगडांचा अटकाव लावला, पुढच्या दांडीच्या, म्हणजे स्टॅबिलायझर बारच्या, दोन्ही लिंक सोडवल्या आणि जॅक मागच्या एक्सेलच्या बरोबर मध्यावर, डिफरन्शियलच्या पेटीखाली लावला. मागची दोन्ही चाकं जमिनीपासून सुटली. आता गाडीचं मागचं अंग एका टोकावर तोललेलं होतं. डावी-उजवीकडे ढकलण्याची मागच्या कमानींची ताकदच संपली. कल ठरवणार त्या फक्त पुढच्या स्प्रिंगा.

टेप पुन्हा पुढे लागला. 18 मिलिमीटरचा फरक 3 वर आला होता. पुढचं अंग सरळ झालं होतं आणि मागचा एक्सेल मात्र तिरपा झाला होता, उजवं चाक जमिनीच्या बाजूला झुकलेलं. काका म्हणाले, "पाहा ताई. पुढच्याचा काही गुन्हा नाही. मागून कोणीतरी तिले झुकवून राहिलं."

हा प्रयोग घरी करू नये. जॅकवर तोललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. आणि आजच्या बऱ्याच लहान कारमध्ये मागे अखंड एक्सेल नसतो, पिळदार तुळई असते; तिच्या मध्यावर जॅक लावायचाच नसतो, ती वाकते. तिथं डाव्या-उजव्या स्प्रिंगा आपसांत बदलून पाहतात. कल स्प्रिंगेबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर दोष स्प्रिंगेत आणि जागच्या जागी राहिला तर बैठकीत, बुशात किंवा चासीत.

उंच बाजूचा गुन्हा

मागच्या दोन्ही कमानी सोडवून कोब्यावर शेजारी शेजारी ठेवल्या. डाव्या कमानीचे पाटे जुने, गंजाळलेले, पण सारखे होते. उजव्या कमानीतला एक पाटा वेगळा निघाला. इतर पाटे 7 मिलिमीटर जाडीचे, हा 8 चा, आणि त्याचा बाकही जास्त. मग मला आठवलं. काही वर्षांपूर्वी प्रवासात उजवा पाटा तुटला होता आणि वाटेतल्या एका दुकानात हाताला लागला तो पाटा घालून आम्ही पुढे निघालो होतो.

एका मिलिमीटरनं काय बिघडतं? पाट्याची ताठरता जाडीच्या घनानुसार वाढते. 7 चा घन 343, 8 चा 512. म्हणजे तो एक पाटा भावंडांपेक्षा जवळजवळ दीडपट ताठ होता, वर त्याचा बाक जास्त. त्यानं मागचा उजवा कोपरा उचलून धरला होता आणि कर्णावरचा पुढचा डावा कोपरा खाली दाबला होता. आम्ही वर्षभर त्याच कोपऱ्यावर पैसे खर्च करत होतो. गुंडाळीच्या स्प्रिंगेत हिशेब आणखी कडक आहे. तिथं ताठरता तारेच्या व्यासाच्या चौथ्या घातानं वाढते. 12 मिलिमीटरऐवजी 13 ची तार आली तर स्प्रिंग 38 टक्क्यांच्या आसपास ताठ होते. म्हणून कमान असो की स्प्रिंग, ती जोडीनं, एकाच मापाची बदलायची.

शॉकअपबद्दल काकांनी एका वाक्यात माझा गैरसमज काढला. "शॉकअप वजन नाही पेलत जी. तो फक्त गाडीले उसळू देत नाही." गाडीचं वजन स्प्रिंग पेलते. शॉकअप तेलाच्या अडथळ्यानं तिची उसळी शांत करतो. तो गेला तर गाडी खड्ड्यानंतर डुलत राहील, पण उभी असताना कलणार नाही. कललेल्या गाडीला शॉकअप बदलण्याचा सल्ला मिळाला तर आधी चार आकडे मागावेत.

वाडीतले पाटे

आमची गाडी खोलली जात असताना शेडमध्ये ट्रकांची कामं चालू होती. नागपुरात पूर्वीचे राष्ट्रीय महामार्ग 6 आणि 7, म्हणजे आताचे 53 आणि 44, एकमेकांना छेदतात. उमरेड, सावनेरचा कोळसा, कोराडी आणि खापरखेड्याच्या वीज केंद्रांची राख, कळमन्याच्या बाजारातली संत्री, सगळं चाकांवर हलतं. देशाच्या पहिल्या वीस वर्षांच्या रस्ते योजनेची आखणी 1943 मध्ये देशभरच्या मुख्य अभियंत्यांनी याच शहरात बसून केली आणि ती आजही नागपूर योजना म्हणूनच ओळखली जाते. त्या रस्त्यांचा भार शेवटी या पाट्यांवर येतो.

2018 च्या जुलैत केंद्रानं एक्सेलचा कायदेशीर भार वाढवला. चार टायरांच्या एका एक्सेलला 10.2 टनांऐवजी 11.5 टनांची मुभा मिळाली. पण ती मुभा एक्सेलला आहे, एका बाजूच्या कमानीला नाही. पोकलेननं टिपर भरताना ढीग एका अंगाला पडला की टनभर जास्तीचा भार एकाच कमानीवर रोज बसतो. त्यातून पोलाद थकतं. पाट्याचा बाक हळूहळू सपाट होतो, त्याला 'कमान बसली' म्हणतात. यू बोल्ट सैल असतील तर पाटा मधोमध, सेंटर बोल्टच्या भोकापाशी तडकतो. सेंटर बोल्टच तुटला तर एक्सेल एका बाजूनं मागे सरकतो आणि ट्रक रस्त्यावर तिरपा चालतो. तो ओळखायला दोन्ही बाजूंचं पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर मोजतात. चासी काटकोनात आहे का ते पाहायला कर्ण मोजतात, घराचा पाया आखताना गवंडी मोजतो तसेच. कर्ण जुळले नाहीत तर कमानी बदलून काही उपयोग नाही.

बसलेला पाटा न तापवता ऐरणीवर ठोकून पुन्हा वाकवण्याचं काम इथं सर्रास होतं. काका ते करतात आणि गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगतात की हे थोड्या दिवसांचं आहे. पाट्याचं पोलाद कारखान्यात लालभडक तापवून तेलात बुडवलेलं आणि मग बेतानं पुन्हा तापवून मुरवलेलं असतं. त्याला दिलेलं ते पाणी हातोड्यानं परत येत नाही.

टिपरचा कल तर जिवाशी खेळ असतो. हौदा वर उचलला की सगळं वजन आकाशाकडे जातं. कमान एका बाजूला बसलेली आणि जमीन मऊ असेल तर गाडी आडवी होते. मैदानावर टिपर उलटला की चूक चालकाची म्हणून नोंद होते. त्या चालकाच्या हातात कुठली कमान दिली होती, हेही विचारलं गेलं पाहिजे.

हवेच्या उश्या

रात्री नागपुरातून पुण्याला सुटणाऱ्या अनेक आरामबसखाली पाट्यांऐवजी हवेचे फुगे असतात. मेकॅनिक त्यांना 'बलून' म्हणतात. त्यात किती हवा राहावी ते पातळी राखणारे व्हॉल्व्ह ठरवतात. साधारण रचनेत असे तीन व्हॉल्व्ह असतात, पुढे एक आणि मागे दोन. बस सरळ राहील की कलेल, ते मागचे दोन ठरवतात. त्यांपैकी एकाची छोटी दांडी दगड लागून वाकली तरी अख्खी बस एका अंगाला झुकते. बस चालू असताना सरळ राहते आणि रात्रभर उभी ठेवल्यावर सकाळी एका बाजूला बसलेली दिसते, तेव्हा कुठंतरी हवा गळते आहे. साबणाचं पाणी मारलं की बुडबुडे जागा दाखवतात. समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा आहे आणि तिथं तासन्‌तास एकाच वेगानं गाडी चालते. कललेल्या गाडीच्या टायरांवर आणि चाकांवर तो भार तितका वेळ विषम पडत राहतो. निघण्याआधी पाच पावलं मागे उभं राहून बस सरळ दिसते का, एवढं तरी कुणीतरी पाहावं.

रस्त्याचा वाटा

सगळा दोष गाडीचाच असतो असं नाही. विदर्भाची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरचा रस्ता लाटांसारखा वरखाली होतो आणि कडेला अधिक खचतो. आपण डावीकडून चालतो, म्हणून साइडपट्टीची खोक, कडेचे खड्डे आणि उताराचा जादा भार डाव्या कमानीच्या वाट्याला येतो. शहरात सिमेंटचे रस्ते उंच झाले आणि अनेक ठिकाणी कडेला वीतभर पायरी तयार झाली. तिच्यावरून गाडी रोज एक-एक चाकानं चढते-उतरते. गतिरोधक नियमाप्रमाणे 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटीमीटर उंच, गोलसर असायला हवा. गल्लीतला अरुंद, धारदार उंचवटा त्यात बसत नाही. आपलीही एक सवय वाईट आहे. गतिरोधकाच्या कडेची फट शोधून आपण एका बाजूची चाकं सपाटावरून काढतो आणि दुसरी बाजू एकटी आपटते. असं वर्षानुवर्षं चाललं की त्या बाजूचे बुश आणि स्प्रिंग आधी जातात.

2023 च्या 23 सप्टेंबरच्या पहाटे अंबाझरी तलावाचं पाणी वस्त्यांत शिरलं, तेव्हा कितीतरी गाड्या पाण्यात बुडाल्या. इंजिन आणि वायरिंगची काळजी लोकांनी घेतली. गुंडाळीच्या स्प्रिंगेचा सर्वांत खालचा वेढा ज्या वाटीत बसतो, ती वाटी मात्र सहसा कुणी धुवत नाही. तिथं गाळ साचला की ओल टिकते, रंगाखाली गंज शिरतो आणि तो वेढा एक दिवस तुटतो. तुकडा वाटीतच राहतो, वरून स्प्रिंग अखंड दिसते आणि गाडी बोटभर खाली बसते. पुरात सापडलेल्या गाडीवाल्यांनी ही वाटी उघडून पाहावी.

झाकलेला दोष

आमच्या उजव्या कमानीत योग्य मापाचा पाटा बसला, दोन्ही बाजूंचे बुश नवे झाले. बोल्ट घट्ट आवळण्याआधी काकांनी गाडी जॅकवरून उतरवून चाकांवर उभी केली. रबरी बुश गाडी लटकलेली असताना आवळला तर खाली उतरल्यावर तो पिळलेला राहतो, ती बाजू उचलून धरतो आणि लवकर फाटतो. दुरुस्तीनंतर नव्यानं कललेल्या गाडीचं कारण पुष्कळदा हेच निघतं. सगळं झाल्यावर शेवटचे आकडे आले: पुढे फरक 3 मिलिमीटर, मागे 2. काही शे किलोमीटरनंतर यू बोल्ट पुन्हा आवळायला या, असं त्यांनी बजावलं आणि आम्ही गेलोही.

याहून सोपा आणि स्वस्त उपाय बाजारात होता. डाव्या कमानीत एक जादा पाटा घालायचा किंवा खाली गेलेल्या स्प्रिंगेच्या वेढ्यात रबराचा गोळा अडकवायचा. गाडी सरळ दिसली असती. पण तेव्हा एका ताठ कोपऱ्याशी दुसरा ताठ कोपरा झुंजत राहिला असता आणि पीळ चासीला सोसावा लागला असता. चारपैकी ज्या चाकावर भार कमी पडतो, ते ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबताच आधी घसरतं. डावीकडे कललेल्या गाडीच्या हेडलाइटचा झोत उजवीकडे वर चढतो आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. कल हा दिसण्याचा प्रश्न नाही, दुसऱ्याच्या जिवाचा आहे.

मालवाहू आणि प्रवासी गाड्यांना आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावं लागतं. सपाट जमिनीवर घेतलेली ही चार मापं त्या तपासणीत प्रत्येक गाडीच्या कागदावर लिहिली जावीत, अशी माझी मागणी आहे. त्यासाठी टेप आणि पाच मिनिटं पुरतात.

आणि वाचकांना एक विनंती. खंडेनवमीला, दसऱ्याला आपण गाडी धुतो, झेंडूची माळ घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. पुढच्या दसऱ्याला माळ घालण्याआधी गाडी सपाट जागी उभी करा. चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा आणि ते चार आकडे तारखेसह गाडीच्या पुस्तकात लिहून ठेवा. पुढे गाडी कलली आणि कुणी लगेच पाना उचलला, तर त्याच्या हातात आधी ते पान द्या.